पान चौदावरचे आकडे

रविवार, अकरा जानेवारी, दुपारचे साडेतीन. आमच्या त्रैमासिकाच्या खात्यात एकतीस हजार चारशे साठ रुपये. हजर तिघे: संपादक, त्यांच्या पत्नी आणि मी. चारशे बारा वर्गणीदारांपैकी दोनशे तीस जणांचे अंक मी आदल्या दिवशी स्वतः पोस्टात टाकून आलो होतो. उरलेले एकशे ब्याऐंशी संपादकांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर होते आणि वहिनी त्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या डकवत होत्या.

संपादक म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे या अंकाची प्रुफे मी पाहिली. एरवी माझ्याकडे फक्त वर्गणी, पोस्ट आणि जमाखर्च. त्या दुपारी सरांनी काळा चष्मा काढून तयार अंक पहिल्यांदा हातात घेतला आणि चौदाव्या पानावर थांबले.

"हे आकडे कुणी बदलले?"

"मी," मी म्हणालो. खरे तर मी या प्रश्नाची वाटच पाहत होतो. "तुमचे चुकले होते, सर. अंतर चुकलं होतं, दिशासुद्धा उलटी पडली होती. माझ्याकडे स्कूटरच्या मीटरची नोंद होती म्हणून बरं."

सरांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. वहिनींचा खळीचा हात तसाच राहिला.

"अहो, ते मी मुद्दाम चुकीचे लिहिले होते," सर म्हणाले.

मला आधी वाटले ते माझी समजूत काढताहेत. शिक्षक माणसाला चूक कबूल करणे जड जाते. पण वहिनी उठून हात धुवायला गेल्या आणि परत येऊन बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळले की ते खरे सांगताहेत.

आमचे त्रैमासिक सोलापूर आणि आसपासच्या माळरानांचे. माळावर पायी कुठे हिंडावे, सायकलने कुठल्या तलावावर जावे, हिवाळ्यात कोणते पक्षी येतात, गवत कुठे पेटवले जाते आणि कुठे नांगर लागतो, असे त्यात असते. वर्गणी वर्षाला चारशे रुपये. हॉटेलांच्या आणि फार्महाउसच्या जाहिराती सर घेत नाहीत, म्हणजे वाचकांनी पैसे दिले तर अंक निघतो, नाहीतर नाही. मीही आधी नुसता वाचक होतो. आठ वर्षांपूर्वी अंकात छापलेल्या वार्षिक हिशेबात बेरीज साठ रुपयांनी चुकली होती, ते मी पोस्टकार्डावर कळवले. उलट टपाली सरांचे पत्र आले की पुढचा हिशेब तुम्हीच लिहा. दिवसा मी एका टॉवेल कारखान्यात हेच काम करतो.

प्रत्येक अंकात एक वाट असते. कुठून निघायचे, किती चालायचे, पाणी कुठे आहे. अंक हाती पडला की पुढच्या रविवारी वाचक त्या वाटेने जातात, पोराबाळांना नेतात, ही आमच्या वाचकांची रीतच आहे. या वेळची वाट लांडग्यांच्या माळावरून जात होती. एका लांडगिणीने ओढ्याच्या दरडीत बीळ केले होते आणि त्यात पिल्ले होती.

सरांची पद्धत मला त्या दिवशी कळली. मी यायच्या आधी एका अंकात त्यांनी एका पक्ष्याच्या घरट्याची जागा नीट, मापासकट छापली होती. पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या गेल्या. पक्षी उठला तो अंड्यांवर परत बसला नाही. तेव्हापासून घरटे किंवा बीळ असेल तिथे सर वर्णन खरे लिहितात आणि आकडे फिरवतात. दिशा उलटी करतात, अंतर बदलतात. वाचक चालून येतो, माळ पाहतो, बिळापाशी मात्र पोचत नाही. हे फक्त सर आणि वहिनींना माहीत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमचा संबंध जमाखर्चाशी. आणि खरं सांगू? तुम्हाला पटलं नसतं."

नसतेच पटले. मी म्हणालोही, "म्हणजे वाचकांचे चारशे रुपये घेऊन आपण त्यांना चुकीचं छापून देतो?"

"वाट बरोबर देतो. बीळ देत नाही. बिळाचे पैसे कुणी भरले होते?"

मी सतरंजीवरचा एक अंक उचलून चौदावे पान उघडले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मीच सरांना स्कूटरवर तिकडे नेले होते, कारण ऑपरेशननंतर त्यांना गाडी चालवायची नव्हती. जागा दाखवली ती एका मेंढपाळाने. सर त्याला बरीच वर्षे ओळखतात, मामा म्हणतात. लांडगीण वर्षाकाठी त्याची दोन-तीन करडे नेते, पण तो बिळात धूर करत नाही की दुसऱ्या कुणाला करू देत नाही. दरडीच्या अलीकडेच आम्हाला थांबवून तो सरांना म्हणाला होता, "मास्तर, तुमी म्हणून दावलं. कुणाला बोलायचं न्हाई." सर म्हणाले, "नाही बोलणार." मी तेव्हा स्कूटरपाशी उभा राहून मीटरचा आकडा खिशातल्या वहीत लिहून घेत होतो. पेट्रोलच्या हिशेबासाठी.

गावाचे नाव मी इथे देत नाही. शहरापासूनचे अंतर बावन्न किलोमीटर असे लिहितो, आणि ते चुकीचे आहे.

सोमवारी सकाळी पोस्टात गेलो. थैल्या शनिवारीच रवाना झाल्या होत्या. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "परत मागवायचं तर प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागेल. दोनशे तीस अर्ज." मी भरायला तयार होतो. त्या हसल्या. "अहो, तुमचा अर्ज पोचायच्या आधी अंक पोचतील." तिथून छापखान्यात गेलो. सोलापूरची गड्ड्याची यात्रा सुरू झाली होती, कामगार सुट्टीवर, शटर अर्धे खाली. मालक आत एकटेच होते. म्हणाले, "एक पान परत छापून देतो, पण यात्रा उरकल्यावर. मशीनवर माणूसच नाही."

म्हणजे हातात फक्त फोन राहिला. वाचक अठरा तारखेच्या रविवारी माळावर निघणार होते. वर्गणीच्या वहीत सगळ्यांचे नंबर होते. पण सांगायचे काय? अमुक ठिकाणी जाऊ नका म्हणावे, तर ते बोट दाखवण्यासारखेच झाले. सर म्हणाले, बांधणीत चूक झाली असे सांगू. मी म्हणालो, बांधणीत चूक झालेली नाही, आणि छापखानेवाल्याला उगाच बट्टा कशाला?

शेवटी वहिनींनी ठरवले. "भावजी, जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. एक मजकूर छापायला नको होता, तो छापला गेला. तेरा-चौदाचं पान फाडून पाठवा. कुठला मजकूर ते विचारू नका. पोस्टाचा खर्च आमचा."

ऐंशी नंबर वहिनींनी घेतले, दीडशे मी. कारखान्यातून सुटल्यावर साडेपाच ते आठ, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहून फोन लावत असे, कारण आमच्या घरात रेंज तिथेच येते. बायको भाकरी थापत ऐकायची.

केम स्टेशनचे एक निवृत्त पॉइंट्समन म्हणाले, "पान पाठवतो, पण मागल्या बाजूला शब्दकोडं हाय, ते निम्मं सोडवलंय. उत्तरं लिहून पाठवू का वेगळी?" एक बाई म्हणाल्या, "अंकच आला नाही अजून, फाडू काय?" एका वकिलांनी मला पावणेदहा मिनिटे प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, "म्हणजे चौदाव्या पानावर काहीतरी भारी आहे तर! आता नीट वाचतो." आणखी एकजण सरळ म्हणाले, "पैसे भरून घेतलेला अंक आहे. पान का फाडू?" त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, त्यामुळे मी त्यांचे नाव नकारात लिहून घेतले.

"बरोबर करायची खोड लागलीय ना तुम्हाला," बायको तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेतली तिथीसुद्धा तुम्ही बरोबर केली होती. भटजींना विचारलं होतंत का?"

"ती चुकलीच होती."

"होती. पण लग्न त्याच दिवशी लागलं की नाही?"

शनिवारी रात्रीपर्यंतचा हिशेब असा होता: पाठवतो म्हणाले एकशे एक्याण्णव, फोन उचलला नाही अठ्ठावीस, अंक मिळाला नाही सात, नकार चार. एकशे एक्याण्णवच्या आकड्याकडे मी बघतच नव्हतो. अठ्ठावीस अधिक चार, बत्तीस. त्यातली एक गाडी गेली तरी पुरे होती.

फोन चालू असताना मला आतून खात होते ते वेगळेच. मेंढपाळाला अजून कुणी सांगितले नव्हते. सर म्हणाले होते, मी सांगतो. पण चूक माझी होती. मंगळवारी, तेरा तारखेला, अर्धा दिवस रजा टाकून मी एकटाच गेलो. कळप माळावर पसरला होता. तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता, त्याची बायको कापडी पालापाशी शेळीचे दूध काढत होती. मी सगळे सांगितले, मीटरच्या नोंदीसकट.

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "कितीजणास्नी गेलं म्हनला?"

"दोनशे तीस."

"आन मास्तरांनी खोटं लिवलं हुतं, ते तुमी खरं केलं."

"हो."

"लई शानं हाय की तुमी," त्याची बायको मागून म्हणाली. हा टोमणा होता, आणि मला तो लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाल मोडून टेंभुर्णीच्या वाटेने निघणार होते. तिकडे एका ऊसवाल्याच्या तोड झालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या होत्या. मेंढ्या रात्री शेतात बसल्या की लेंड्यांचे खत मिळते, त्याचे शेतकरी पैसे देतो, वर ज्वारी. तो व्यवहार ठरलेला होता. मामाने बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "बघ बाबा." मग तो मला म्हणाला, "आमी गेलो तर हितं कोन हाय? ऱ्हातो." ओढ्याकडे जाणारी गाडीवाट एकच. दोन्ही बाजूंना बाभळीच्या फांद्यांचे कुंपण. त्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी पाल हलवले. बिळापासून ती जागा बरीच लांब होती. किती, ते मी मोजले नाही.

अठरा तारखेच्या रविवारी मी सहा वाजता तिथे पोचलो. गार वारा होता. आमच्या वाचकांपैकी सहाजण आले, सगळे आधी फोन करून आलेले. मी त्यांना वेगळ्या बाजूने तलावाकडे लावून दिले. त्यांनी कारण विचारले नाही. मला जरा हायसे वाटले.

आठच्या सुमारास जीप आली. आत दोघे, पुढच्या सीटवर हातभर लांबीची लेन्स. मेंढ्या वाटेत बसलेल्या होत्या, सगळीकडे, चाकाला जागा नाही अशा.

"मामा, मेंढरं जरा बाजूला घ्या की," लेन्सवाला म्हणाला.

"घेतो की. जरा दम धरा. गाभण हायती."

"किती वेळ लागंल?"

"ते त्यांस्नी इचारा."

दुसरा हसला. लेन्सवाला हसला नाही. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. ते पान चौदा होते. मी स्कूटरला टेकून उभा होतो.

"हे बघा, छापून आलंय. लांडग्याचं बीळ हाय हितं."

"हितं?" मामा म्हणाला. "आवं, लांडगं असतं तर ही मेंढरं अशी निवांत बसली असती व्हय?"

लेन्सवाल्याने मेंढ्यांकडे पाहिले. त्या खरेच निवांत रवंथ करत होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही शहरातले दिसता. तुम्हाला माहीत असेल. आहे का इथं काही?"

मी पंचवीस वर्षे हिशेब लिहितो. विचारलेल्या प्रश्नाला आहे ते उत्तर द्यायचे, एवढेच मला येते. तोंडात 'आहे' आलेच होते.

"मला विचारू नका," मी म्हणालो.

"का?"

"मी सांगणार नाही."

यापेक्षा वाईट उत्तर देता आले नसते, हे मला शब्द बाहेर पडतानाच कळले. लेन्सवाला माझ्याकडे बघत राहिला. मग जीपमध्ये जाऊन बसला. ते दोघे पन्नास मिनिटे तिथे थांबले. मी घड्याळात पाहत होतो. पायी आत जायला त्यांना कुणी अडवले नसते; एक कुंपण ओलांडायचे होते. पण कुत्री दोन होती, मोठी होती, आणि कुंपणाच्या बाजूलाच बसली होती. पावणेनऊला ऊन पांढरे झाले. "फोटोचा उजेड गेला," लेन्सवाला म्हणाला, आणि जीप उलटी घेत घेत मोठ्या रस्त्यापर्यंत नेली.

धूळ बसल्यावर मामा माझ्यापाशी आला. "खोटं बोलायला जमत न्हाय ते ऱ्हाऊ द्या. पन निदान दुसरीकडं तोंड करून तरी हुबं ऱ्हायचं. सारा वेळ ओढ्याकडंच बघत हुता."

मला ते कळलेही नव्हते.

त्यांनाही ते दिसले असेल का, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. पुढचे चार दिवस कारखान्यात बेरजा दोनदा कराव्या लागल्या. फाडलेली पाने पोस्टाने येत होती, रोज पंधरा-वीस. काहींच्या पाठीवर कोडे सोडवलेले. वकिलांचे पान आले, त्यात आकड्याखाली रेघ मारलेली होती आणि समासात 'समजले. कुणाला बोलणार नाही' असे लिहिलेले होते. मी प्रत्येक पान नावापुढे खूण करून वहिनींच्या चुलीत घालत होतो. एकवीस तारखेला छापखान्यातून उरलेल्या अंकांसाठी नवे पान आले. त्याचे दोन हजार नऊशे मी माझ्या खिशातून दिले. सर म्हणाले, खात्यातून द्या. मी म्हणालो, वाचकांनी अंकासाठी पैसे दिलेत, माझ्या शहाणपणासाठी नाही. त्यावर आमचे थोडे वाजले, पण खात्याच्या चेकवर सही माझी लागते.

बावीस तारखेला, गुरुवारी, सकाळी मामाचा फोन आला. "गेली."

"कोण?"

"लांडगीन. राती पिल्लं उचलून न्हेली. सारी न्हेली, माग बघितला मी. बिळात कायबी न्हाई."

"आपल्यामुळं? त्या जीपमुळं?"

"त्या जागा बदलत्यातच. पिल्लं जरा मोठी झाली की बदलत्यात. पन येवड्या लवकर... काय सांगावं? आमची कुत्रीबी हुती की हितं."

"पिल्लं नीट आहेत ना?"

"ते मला ठावं न्हाय," तो म्हणाला. "आन आता ठावं झालं तरी तुमास्नी न्हाय सांगायचो."

मी म्हणालो, बरोबर आहे.

जिवंत आहेत की नाहीत हे मला आजही माहीत नाही. सर म्हणतात, आईने स्वतः नेली म्हणजे जिवंत होती तेव्हा नेली. हे तर्काला धरून आहे. पण चूक झाली नसती तर ती तिथेच राहिली असती का, याचा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही, आणि मी तो अजून मांडत असतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी शेवटचा माळावर गेलो. ऊसवाल्याने त्यांची वाट पाहून दुसऱ्याच्या मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. कबूल केलेल्या रात्री गेल्या त्या गेल्याच. भाव रात्रीला सातशे रुपये आणि पायलीभर ज्वारी, हे मी आधीच विचारून घेतले होते. चौदा ते बावीस, नऊ रात्री. सहा हजार तीनशे रुपये पाकिटात घालून नेले. मामाने हात पुढे केला नाही. "तिच्यापाशी द्या. पैशाचं ती बघती."

तिने पालाच्या उजेडात नोटा मोजल्या आणि चौदाशे बाजूला काढून माझ्यासमोर धरले.

"हे कशाचं, ताई?"

"नऊ न्हाईत, दादा. सात राती. दोन राती हितल्याच शेतकऱ्यानं लिंबाच्या बागंत बसवून घेतली. त्येनं पैसं बी दिलं, ज्वारी बी दिली. त्येचं परत तुमच्याकडनं कसं घ्यायचं?"

मी चौदाशे परत घेतले.

"आन ज्वारी ऱ्हायली की," ती म्हणाली. "सात पायल्या. ती न्हाय वाटतं ध्यानात आली?"

नव्हतीच आली. भाव विचारून घेतलेला, आणि अर्धाच मांडलेला. दुसऱ्या दिवशी बाजारातून ज्वारी घेतली, मापून घेतली आणि स्कूटरवर बांधून नेऊन दिली. तिने पोते उघडून मूठभर दाणे हातावर घेऊन पाहिले आणि बरी हाय म्हणाली.

मेंढपाळाच्या बायकोला दिले: रोख चार हजार नऊशे रुपये आणि ज्वारी सात पायल्या.